टायर डाव्या अंगानं झिजतो

वडूज, जि. सातारा
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आधी माणसांचं विचारतो, मग टायरचं. तुझ्या सासूबाईंचे, रंगुबाईंचे, गुडघे कसे आहेत? थंडीत बसल्या की उठताना धरतात, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. जावईबापू विश्वजित यांची राजस्थानातून खुशाली येते ना? फौजेत पोटभर मिळतं, पण ज्वारीची भाकरी मिळत नाही, म्हणून तो पोरगा वाळतो. तुझे चुलतसासरे लालासाहेब यांचा खोकला आणि खोकल्याहून मोठा आवाज, दोन्ही ठीक ना? शेरडं किती व्याली? आणि तू? सगळ्यांचं चार-चार ओळी लिहितेस आणि स्वतःचं शेवटी ‘मी बरी’ एवढंच. पुढच्या पत्रात नीट लिही.

इकडे तुझी मामी चंद्राबाई ठणठणीत आहे. मीही ठणठणीत, कान सोडून. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलो, त्याचं हे फळ. फोन धरला की नुसता वारा ऐकू येतो, म्हणून तुला पत्राचा त्रास देतो. पण खरं सांगू, मला आवडतं. पत्र दोनदा वाचता येतं.

आता टायर. दिवाळीला घातलेला पुढचा टायर तीन महिन्यांत डाव्या अंगानं गुळगुळीत झाला आणि उजव्या अंगाची नक्षी कोरी करकरीत, असं लिहिलंस. पोरी, टायर चपलेसारखा असतो. झिजलेली चप्पल बघून मी माणूस कसा चालतो ते सांगतो. टाच बाहेरून झिजली तर तो फेंगडा, पुढून झिजली तर घाईचा. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी. एकाच कडेनं झिजला तर गाडीचा नाहीतर चालवणाऱ्याचा तोल एका बाजूला.

तू शेरडांच्या लसीचा डबा कुठं अडकवतेस? डाव्या हुकाला असेल तर तो मागं कॅरियरवर मधोमध बांध. आणि सकाळी गाडी थंड असताना पुढं पंचवीस हवा भर. तापल्यावर मोजलेली हवा खोटी असते.

तुझ्या लग्नात ही मोटारसायकल मी स्वतःच्या हातानं उभी केली आहे. तिची तक्रार म्हणजे माझी तक्रार. लगेच लिही.

तुझा मामा,
नाथाजी

*

थोरला माळ, ता. आटपाडी, जि. सांगली
२ मार्च २०२५

ती. मामांस सा. न.

तुम्ही विचारलंत तसं एकेकाचं लिहिते. आईंचे गुडघे आश्चर्य वाटावं इतके बरे आहेत. हल्ली उठताना ‘आई गं’ सुद्धा म्हणत नाहीत. लालाआबांचा खोकला थांबला, आवाज तेवढा आहे. अकरा शेरडं व्याली, त्यात दोघींना तिळी. आणि मी बरी आहे. आता नीट लिहिते: भूक लागते, झोप लागते, आणि टायर बघितला की रडू येतं.

डबा डाव्याच हुकाला होता मामा. आता मधोमध बांधला आहे. काल नवा टायर घातला, हवा पंचवीस.

पण गोष्ट टायरवर थांबली नाही. लालाआबा पारावर म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की टायर असाच जायाचा. बाई एका अंगावर बसून आलेली, तिचा तोल एका अंगालाच." सगळे हसले. तेच कुणीतरी ह्यांना फोनवर सांगितलं. हे रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "नंदिनी, अर्धा गुळगुळीत टायर घेऊन तू मुरमाच्या उतारांनी फिरतीस, आणि मी इथं ड्युटीवर उभा राहून त्येच बघत बसतो. जूनच्या एक तारखेला सुट्टीवर येतोय. हा टायरबी तसाच झाला आसंल तर गाडी विकू. वाद नको."

तुम्हाला माहीत आहे, पशुसखीचं काम मला कसं मिळालं. अकरा वस्त्या माझ्याकडे आहेत. शेरडांना लस, जंताचं औषध, अडलेली वेण. पायी गेले तर तीन वस्त्या होतील. बाकी आठ दुसरीला द्याव्या लागतील. परवा भिवाच्या वस्तीवर एक म्हातारी मला म्हणाली, "तुजी गाडी वाजली की माजी शेरडं कान टवकारत्यात." मामा, मला हे सोडायचं नाही.

जूनपर्यंत हा टायर सारखा झिजायला हवा. सांगाल ते करीन.

तुमची भाची,
राजनंदिनी

*

वडूज
१० मार्च २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

लालासाहेबांना सांग, नाथाजीनं लोणंदच्या स्टेशनाबाहेर पंक्चरं काढण्यापासून सुरुवात केली आणि आजवर हजारो टायर बघितले, पण बाईनं झिजवलेला आणि बाप्यानं झिजवलेला असे दोन प्रकार त्याला अजून ओळखता आले नाहीत. नको, सांगू नकोस. आपण टायरनंच सांगू.

आता मन लावून वाच. गाडी मधल्या स्टँडवर घे आणि सासूबाईंना मागच्या सीटवर दाबून बसायला सांग, म्हणजे पुढचं चाक उचलेल. खालून दोन्ही शॉकअप धरून पुढं-मागं हलव. ‘खट’ असं हाताला लागलं तर हँडलचा कोनसेट सैल आहे. मग हँडल हळूच डावीकडून उजवीकडं फिरव. मधे कुठं अडल्यासारखं झालं तर आतल्या गोळ्या खराब. नंतर चाक फिरव आणि रिंगच्या जवळ काडी धर. काडी कधी लागते कधी लागत नाही असं झालं तर रिंगचा आऊट काढून घे. आटपाडीत कुणीही काढील, पण तू तिथं उभी राहा.

आता तुझ्याकडचं. ब्रेक एकटा पुढचा दाबू नकोस, दोन्ही दाब, मागचा आधी. आणि रस्त्याच्या डाव्या कडेला चिकटून चालवू नकोस. कड उतरती असते, तिथं गाडी सारखी एका कुशीवर राहते. भित्रं माणूस कडेनं जातं. तू मधून जा, समोरून कुणी आलं की बाजू दे.

मोबाईलवर टायरचा फोटो काढून कुणाकडं पाठवू नकोस, फोटोत सगळं काळं दिसतं. महिन्याने वर्तमानपत्राचा कागद टायरवर आडवा गुंडाळ, चुलीतला कोळसा वरून हलक्या हातानं घास. नाण्याचा छाप काढतात तसा टायरचा छाप निघेल. तो घडी करून मला पाठव. मी इथं बसून वाचतो.

चंद्राबाईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे. येणारं माणूस मिळालं की देतो.

तुझा मामा

*

थोरला माळ
८ एप्रिल २०२५

ती. मामांस सा. न.

छाप सोबत आहे. बघा आणि मला शिव्या द्या.

कोनसेट घट्ट निघाला. खट नाही, अडणं नाही. रिंग थोडी आऊट होती, ती काढून घेतली, तासभर तिथंच उभी होते. ब्रेक दोन्ही दाबते. रस्त्याच्या मधून जाते, इतकी मधून की एसटीवाला ओळखीचा झाला आहे. तरी बघा मामा, डावी कड पुन्हा खाल्ली आहे. पाच आठवड्यांत! उजवी तशीच.

काल चुलीपुढं बसून विचार केला, की लालाआबाच खरे असतील. माझ्या बसण्यातच काही वाकडं असेल. आई शेजारी भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आई, गाडी जाणार बहुतेक." तर त्यांच्या हातातली भाकरी परातीत आपटली आणि त्या उठून गोठ्याकडे गेल्या. त्यांनाही वाईट वाटतं माझ्यासाठी.

हल्ली त्यांचं मन कशात असतं कळत नाही. खळ्यावर गेल्या वर्षी आम्ही कोबा केला, मळणी यंत्रानं होते, त्यामुळे तिथं आता वाळवणच पडतं. तर यंदा त्या शेवया, कुरडया सगळं गोल घालतात. मधे मोकळं, कडेनं रिंगण. मी विचारलं तर म्हणाल्या, "गोल घातलं की ऊन सारकं लागतं." असेल बाई. दुपारी जेवून मी पायवाटेनं बचत गटाच्या खोलीवर नोंदी लिहायला जाते, तेव्हा राखण त्याच करतात.

दोन महिने उरलेत. सांगा काय करू.

राजनंदिनी

*

(पोस्टकार्ड)
वडूज, १५ एप्रिल

चि. राजनंदिनीस आशीर्वाद. घाईनं कार्ड टाकतो. छाप भिंगाखाली तीन दिवस बघितला. माळावरच्या मुरमानं टायरला चरे पडतात. तुझ्या टायरच्या उजव्या अंगाला ते आहेत. डाव्या अंगाला चरे नाहीत, घासून तुळतुळीत झालाय. तो मुरमानं नाही, सिमेंटनं झिजलाय. आणि कडेचं सगळं रबर एकाच दिशेला ओढलेलं आहे. पोरी, ही गाडी रोज कोब्यावर गोल फिरते, डाव्या हातानं, हळूहळू, पुष्कळ वेळ. तू कशाला गोल फिरतेस? मामापासून लपवू नकोस. लगेच लिही. नाथाजी.

*

थोरला माळ
२१ एप्रिल

नाथाजी पाव्हणं, रंगुबाईचा रामराम.

चंद्राबाई वैनी बऱ्या हाईत न्हवं? तुमचा कान कसा हाय? म्हस दूध देती का? समदी बरी आसतील तर खाली वाचा, आणि वाचून झालं की ह्ये पत्र चुलीत घाला.

तुमचं कार्ड पोस्टमननं माज्या हातात दिलं. नंदिनी फेरीवर गेल्ती. कार्ड उगडं हुतं, मी चौथी शिकल्याली, डोळं मिटून घ्यावं तर किती. वाचलं आणि आदी दाराला कडी लावली. आवं, तुमी माणूस हाय का कोण हाय? वडूजात बसून माज्या खळ्यावरचं बघताय व्हय?

गोल फिरती ती नंदिनी न्हाई. मी हाय.

दिवाळीला विश्वजित परत गेला तवापास्नं शिकाय लागले. कुणी शिकवलं न्हाई. नंदिनी कशी चालू करती, क्लच कसा सोडती, त्ये वरीसभर मागं बसून बघितलं हुतं. ती दुपारी नोंदी लिवाय गेली की मी नऊवारीचा काष्टा घालते आणि बसते. पेट्रोल माज्या कोंबड्यांच्या जिवावर. चाकाचं काळं रिंगण कोब्यावर उमटतं, फिरून झालं की त्येच्यावर शेवया पसरते.

आता म्हणाल ह्या वयात कशाला? आवं, जलमभर मागं बसून आले. नवऱ्याच्या मागं, लेकाच्या मागं, आता सुनंच्या मागं. माज्या बहिणीकडं जायचं तर तिघास्नी इचारून जायाचं. एकदा पुढं बसून रस्ता कसा दिसतो त्ये बघायचं हाय. बास, आणि काय न्हाई.

गटाच्या बायकांबरं आटपाडीला गेल्ते तवा शिकाऊ लायसन काढून आले. पक्क्याचा कॅम्प जूनच्या शेवटाला हाय. तितं पाय न टेकता आठाचा आकडा काढाय लागतो. आणि मला उजवीकडं वळता येत न्हाई. ल्हान हुते तवा बाप मळणीच्या बैलांमागं मला उबं करायचा. मेढ रोवल्याली मदी, बैलं डाव्या अंगानं तिच्याभवती, त्येंच्यामागं मी. तीच वळणं अंगात बसली. हँडल उजवीकडं नेलं की वाटतं मेढ सुटली, आता पडतीय. बैलाला म्हणत्यात तसं ‘हो, हो’ म्हणते, पर ह्यो बैल ऐकत न्हाई.

नंदिनीला सांगू नगा. नापास झाले तर लालाभावजी गावाला हसवतील. तुमचं कार्ड ज्वारीच्या कणगीत घातलंय.

रंगुबाई

*

वडूज
२७ एप्रिल २०२५

श्रीमती रंगुबाई यांस नाथाजीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की चंद्राबाई माजघरातून धावत आली. तिला सांगितलं. रागावू नका, चाळीस वर्षांत तिच्यापासून मी काही लपवलं नाही आणि लपवलं तर टिकलं नाही. ती म्हणाली, "बाईला म्हणावं, शाबास." पत्र चुलीत घातलेलं नाही. घालवेना.

पण गाडी का जाणार हे तुम्हाला ठाऊक नसावं, ते सांगणं भाग आहे. विश्वजितनं नंदिनीला बजावलंय, की जूनमध्ये हा टायर एका अंगानं झिजलेला दिसला तर गाडी विकायची. गाडी गेली की तिच्या आठ वस्त्या गेल्या. पोरगी स्वतःला दोष देत बसली आहे, आणि टायर तुमचा आहे.

म्हणून गोल फिरणं आजपासून बंद. शिकणं बंद नाही. खळ्यावर दोन घमेली पालथी घाला, माणसाच्या दहा पावलांएवढं अंतर ठेवून. पहिल्याला डावीकडून वळसा, मग मधून पार होऊन दुसऱ्याला उजवीकडून. हाच आठ. डावीकडं जितकं तितकंच उजवीकडं, म्हणजे टायर दोन्ही कडांनी सारखा घासेल आणि परीक्षाही होईल. उजवीकडं वळताना मेढ सुटली असं वाटतं ना? मग मनातल्या मनात ती मेढ उपटा आणि उजव्या हाताला रोवा. दुसरं घमेलं म्हणजे तीच मेढ. चाकाकडं बघू नका, जिथं जायचं तिथं बघा. गाडी नजरेमागं जाते. उभ्या जागी हँडल मुरगाळू नका, त्यानं रबर सोलतं. ब्रेक दोन्ही दाबा, मागचा आधी.

झिजलेलं रबर परत येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. डावी कड कमीच राहणार. पण इथून पुढं तरी तिला जपू.

नंदिनीचं कार्ड तुमच्याकडं आहे. मी तिला दुसरं लिहितो. खोटं लिहिणार आहे, तुमच्यासाठी. मला ते जमत नाही.

नाथाजी

*

वडूज
२७ एप्रिल २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

छाप बघितला. काळजीचं काही नाही. टायर डावीकडून झिजतो तो उन्हानं. गाडी उभी करतेस तेव्हा डाव्या बाजूला दुपारचं ऊन लागत असणार, त्यानं रबर मऊ पडतं. गोणपाट टाकत जा. तुझं चालवणं उत्तम आहे. तुझ्या बसण्यात वाकडं काहीही नाही, हे मी शपथेवर लिहितो. उन्हाचंही जवळजवळ शपथेवरच. सासूबाईंना नमस्कार.

मामा

*

थोरला माळ
१४ मे २०२५

ती. मामांस सा. न.

मामा, तुम्ही खोटं लिहिता तेव्हा अक्षर सुंदर येतं. एरवी तुमच्या ओळी चढावर चढतात. ऊन म्हणे! गाडी छपरात असते.

पत्र वाचलं त्याच दिवशी दुपारी मी नोंदीला निघाले आणि बाभळीपासून परत फिरले. खळ्याच्या खालच्या बांधाला बसून बघितलं.

आई गाडीवर होत्या. काष्टा घातलेला, पदर कमरेला गच्च. दोन घमेली पालथी. पहिल्याभोवती असं गोल, की मी स्वतः काढू शकणार नाही. मग दुसऱ्याकडं जायच्या, उजवीकडं हँडल न्यायच्या, "हो, हो, हो रं माज्या राजा," म्हणायच्या आणि पाय टेकायच्या. परत पहिल्यापासून. मी मोजलं, एकोणीस वेळा. विसाव्यांदा वळल्या. पाय न टेकता. वळल्यावर स्वतःशीच इतक्या मोठ्यानं हसल्या की कोंबड्या उडाल्या.

मी तिथं तोंडावर पदर धरून बसले होते. हसत होते का रडत होते मला सांगता येणार नाही. तिथनंच उठून नोंदीला गेले.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे आता कळलं. त्यांनी शब्द घेतला असणार. आता माझाही घ्या: मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांचं त्यांना सांगू दे. घमेली फार जवळ ठेवतात, म्हणून मी रोज सकाळी झाडताना दोन पावलं लांब सरकवून ठेवते. हवा रोज बघते. परवा लालाआबा खळ्याकडं यायला लागले तर कोब्यावर सगळ्या काळ्या रेघा उघड्या. मी धावत जाऊन सांडग्यांची चादर पसरली. आई दारातनं बघत होत्या. म्हणाल्या, "आज तुला वाळवणाची लय हौस आली!" मी म्हटलं, "गोल घातलं की ऊन सारखं लागतं."

नवा छाप पाठवते. उजवी कडही आता थोडी बसली आहे. पण डावी बघाल तर कुणालाही कळेल. हे एक तारखेला येतात. विचारलं तर मी आईंचं नाव घेणार नाही. गाडी गेली तरी.

राजनंदिनी

*

(पोस्टकार्ड)
वडूज, २० मे

चि. राजनंदिनीस आशीर्वाद. छाप उत्तम. उजवं अंग बोलायला लागलंय. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण आहे, त्याच्या सरळ वर खाचेत रबराचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. बोट लावून बघ. तुझा अजून वर आहे, म्हणजे गाडी चालवायला धोका नाही, हे विश्वजितला दाखव. बाकीचं मी लिहू शकत नाही, उघडं कार्ड आहे आणि तुमच्या घरात कार्डं वाचतात. दोन बायकांचा शब्द घेऊन बसलोय, जेवण गोड लागत नाही. दोन तारखेला लगेच लिही. मामा.

*

थोरला माळ
३ जून २०२५

ती. मामांस सा. न.

हे परवा दुपारी आले. पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आधी पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. लालाआबा मागोमाग आलेच, जणू मुहूर्त काढून. ह्यांनी टायरवरून बोट फिरवलं, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

मी त्रिकोण दाखवला, उंचवटा दाखवला. हे म्हणाले, "धोका न्हाई, मान्य. पर तीन महिन्यात हितवर आला. आसं कसं चालवतीस?"

मी म्हटलं, "माझ्याच हातनं झालं."

लालाआबा म्हणाले, "मी काय सांगत हुतो?"

हे म्हणाले, "ठरल्यालं हाय नंदिनी. माज्या जिवाला घोर नको. उद्या आटपाडीला नेऊन दाखवतो कुणालातरी."

मी मान हलवली. अकरा वस्त्यांच्या वाटा डोळ्यांपुढून गेल्या.

आई दारात उभ्या होत्या, हातात ह्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या. तो त्यांनी लालाआबांच्या हातात दिला. खुंटीवरची किल्ली घेतली. आमच्या सगळ्यांपुढं काष्टा मारला, गाडी छपरातनं ढकलत खळ्यावर नेली, माझी सांडग्यांची चादर एका बाजूनं ओढून फेकली आणि बसल्या.

मामा, पहिला वळसा डावीकडून. मधून पार. मग उजवीकडं, नजर वर, चाकाकडं बघणं नाही. पाय टेकला नाही. परत डावीकडं. तीन आठ काढले. सांडगे चुरा झाले.

गाडी ह्यांच्यापुढं आणून थांबवली आणि म्हणाल्या, "टायर मी खाल्लाय. दिवाळीपास्नं. त्या पोरीनं एक दिस वाकडी चालवल्याली न्हाई. विकायचं आसंल तर मला वीक, गाडीला हात लावायचा न्हाई."

लालाआबा म्हणाले, "वयनी, आवं ह्या वयात?"

"मग कवा? तुमच्या दहाव्याला?"

ह्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं रागावले. खांदे हलत होते. वळले तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. म्हणाले, "आई, ब्रेक कुठला दाबतीस?"

"दोनी. मागचा आदी."

"कुणी शिकवलं?"

"वडूजच्या पाव्हण्यानी. पत्रानं."

हे लालाआबांकडं बघून म्हणाले, "आबा, फौजेत शिकायला आमाला सा महिने लागलं हुतं."

गाडी विकायची नाही. मग आई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला ठावं हुतं. घमेली रोज लांब जायाची. घमेल्याला काय पाय हाईत?"

आम्ही दोघी त्या चुऱ्यात बसून इतकं हसलो, की ह्यांना पाणी स्वतः घ्यावं लागलं.

आज सकाळी नवा टायर बसवला. हवा पंचवीस, थंड असताना. आता जेवण गोड लागू दे तुम्हाला. मामींनाही सगळं सांगा.

राजनंदिनी

*

थोरला माळ
६ जुलै

नाथाजी पाव्हणं, रामराम.

चंद्राबाई वैनीस्नी सांगा चटणी मिळाली, संपली. तुमचा कान कसा हाय? म्हस कशी हाय? आमी समदी बरी. विश्वजित ड्युटीवर पोचला. नंदिनी फेरीवर गेलीय, बाराव्या वस्तीचंबी बोलावणं आलंय तिला.

कॅम्पात पास झाले. सायेब म्हणाले, "मावशी, एवढा आठ काढलात तर बास." मी म्हणलं, आनिक एक काढते, हौस फिटली न्हाई. पोराठोरांची रांग टाळ्या वाजवत हुती. आयतवारी बहिणीकडं जाऊन आले, कुणाला न इचारता. सांगून गेले, इचारून न्हाई. रस्ता लय मोठा दिसतो पुढनं.

आता एक अडचण हाय, म्हणून पत्र लिवते. लालाभावजींची हरणाबाई परवा पदराआड घमेलं घिऊन आली. म्हणली, "आक्का, मलाबी शिकवा, पर आमच्या मालकास्नी कळाय नगं." तवापास्नं रोज दुपारी तिला बसवते. मी हितं मागनं धावते, गुडघं आता तक्रार करत न्हाईत.

तर हरणाबाईचं उलटं हाय. तिच्या म्हायेरी मळणीची बैलं उजव्या अंगानं फिरायची. तिला डावीकडं वळताच येत न्हाई. मी डावीकडं, ती उजवीकडं, आणि नंदिनी मदनं सरळ जाती. म्हंजी टायर चौबाजूनी सारका झिजंल आसं मला वाटतं. नंदिनी म्हणती न्हाई, आठच काढाय लावा तिला. आमच्या दोगींत पैज लागल्याली हाय. तुमी सांगाल त्ये खरं.

हवा पंचवीसच ठिवायची का हरणाबाईच्या अंगाकडं बघून वाढवायची, त्येबी लिवा. ती जरा भरल्याली हाय. पर पत्र पाकिटात घाला, कार्ड नगं. भावजी हल्ली पोस्टमनच्या वाटंवर बसत्यात.

लवकर लिवा. तिचा पाय अजून रोज टेकतोय.

रंगुबाई